सैल बांधलं म्हणून

सालोमत आपाच्या घरात त्या दिवशी सकाळी सकाळी जुंपली, ती घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या पायांवरून. झेबो तेव्हा जेमतेम तीन-चार महिन्यांची होती. आपल्यावरून काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, हे तिचं नशीब.

सून मोहिरा पोरीला घेऊन फरगाणाच्या मोठ्या इस्पितळातून नुकतीच परतली होती. लस टोचायला आलेल्या नर्सने तिला सांगितलं होतं की, लंगोट बदलताना पोरीचा डावा पाय उजव्याइतका उघडत नाही, एकदा हाडांच्या डॉक्टरला दाखव. दाखवून आली ती हे घेऊन आली. झेबोच्या खांद्यांवरून कापडी पट्टे उतरले होते आणि खाली पावलांना अडकवले होते. त्या पट्ट्यांनी तिचे गुडघे वर ओढून दोन्ही मांड्या फाकवून ठेवल्या होत्या.

“हे काय सोंग?” अंगणातल्या चौकीवर चहा पीत बसलेल्या सालोमतने पेला खाली ठेवला. “नातीला घेऊन गेलीस आणि बेडूक घेऊन आलीस?”

“आई, डाव्या खुब्याचा सांधा जागेवर नाहीये,” मोहिरा म्हणाली. “डॉक्टर म्हणाल्या, वेळेत लक्षात आलं. आत्ता हे पट्टे ठेवले तर सांधा आपला आपण बसेल. कापाकापी नको, भूल नको. फक्त दिवसरात्र ठेवायचे, आपल्या मनाने काढायचे नाहीत. आणि पाय जुळवून बांधायचे नाहीत.”

“म्हणजे पाळण्यात घालायचं नाही?”

“घाला ना. पण पाय मोकळे ठेवून.”

“पाय मोकळे? मग मुताची नळी कुठे लावू, तुझ्या डॉक्टरणीच्या डोक्याला?”

कोपऱ्यात भांडी घासणारी ओयदिन खाली मान घालून हसली. तेवढं हसूसुद्धा सालोमतच्या नजरेतून सुटलं नाही. तिने मुलीकडे असं पाहिलं की ओयदिनने मान आणखी खाली घातली.

आता पाळण्याचं सांगतो. रिश्तान या आमच्या कुंभारांच्या गावात पाळणा सुनेच्या माहेराहून येतो, वाजतगाजत, रंगीत, नक्षीदार. त्यात बाळाला उताणं निजवतात, दोन्ही पाय जुळवून सरळ करतात आणि छातीपासून घोट्यांपर्यंत रुंद पट्ट्यांनी आवळतात. मुतासाठी लाकडाची नळी लावली की खाली भांड्यात सगळं जातं, पोर कोरडं राहतं आणि बाईला कामाला दोन हात मोकळे मिळतात. सोय आहे, खोटं कशाला बोला. आणि हे आवळण्यात सालोमत आपाचा हात धरणारं कुंभारआळीत कुणी नव्हतं. कुणाच्या घरी बाळ झालं की चाळीस दिवसांनी पहिल्यांदा पाळण्यात घालायला बोलावणं तिलाच. घरी परतताना तिच्या हातात कापड असायचं, मिठाई असायची आणि मानही असायचा. “सालोमत आपाने बांधलेलं पोर काडीसारखं सरळ वाढतं,” असं बायका म्हणायच्या.

त्याच आपाच्या पोटची पोर मात्र लंगडी निघाली होती.

ओयदिनची तिशी उलटली होती. दोन्ही खुबे तसलेच. चालताना अंग एकदा इकडे झुकायचं, एकदा तिकडे. ती चालायला लागली तेव्हा सालोमतच्या सासूने निकाल दिला होता, “तू सैल बांधलंस. आमच्या घराण्यात कुणी असं चालत नाही. तुझ्या आळसाने पोरीचं वाटोळं झालं.” ते वाक्य सालोमतच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून ती जे पोर बांधी ते असं आवळून बांधी की पट्ट्याखाली बोट जायचं नाही.

आणि काळजात रुतलेलं बाहेर कसं यायचं? ओयदिनवर राग काढूनच की. “ए बदकबाई, चहा आण.” “ए बदकबाई, रस्त्यावर मिरवू नकोस, लोक बघतात.” आई मुलीला असं बोलते, यावर बाहेरच्या कुणाचा विश्वास बसणार नाही. आमच्या आळीत सगळ्यांनी रोज ऐकलेलं होतं.

एकदा पाहुण्या बायका ओयदिनला बघायला आल्या. सालोमतने त्या यायच्या आधीच पोरीला जेवणाच्या दस्तरखानापाशी बसवून ठेवलं आणि बजावलं, “उठायचं नाही. घर पेटलं तरी उठायचं नाही.” सगळं जमत आलं होतं. दोन्हीकडून रोटी मोडली की लग्न ठरलं. तेवढ्यात मुलाची मावशी गोड हसून म्हणाली, “मुलीच्या हातचा चहा तरी पिऊ दे.” चहाचा समोवार होता ओसरीच्या पार त्या टोकाला. ओयदिन उठली, गेली, चहा घेऊन आली. पाहुण्यांनी चहा मुकाट्याने प्यायला आणि त्या निघून गेल्या. रोटी होती तशी राहिली, अख्खी. सालोमतने ती उचलून मुलीपुढे टाकली. “खा. तुझ्या पायांची कमाई आहे.” आणि ओयदिनने ती रोटी खाल्ली.

तर झेबोचे पट्टे बघून सालोमतच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. तिला दुष्टपणा करायचा नव्हता. तिला भीती वाटत होती. या घरात दुसरी ओयदिन नको, एवढं एकच तिच्या मनात होतं. आणि भ्यायलेला माणूस ऐकत नाही, हट्टाला पेटतो.

मुलगा इल्होम संध्याकाळी भट्टीवरून आला तेव्हा दोघींनी त्याच्यापुढे आपापली बाजू मांडली. इल्होम म्हणजे गरीब गाय. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. “डॉक्टर शिकलेली आहे. आईचा अनुभव आहे,” एवढं बोलून तो हात धुवायला गेला, तो जेवण वाढेपर्यंत आलाच नाही.

थोड्या दिवसांनी मोहिरा कामावर जाऊ लागली. ती एका कारखान्यात थाळ्यांवर निळी नक्षी रंगवायची. ती फाटकाबाहेर पडली की सालोमत दाराला कडी घाली, झेबोचे पट्टे सोडी आणि तिला पाळण्यात उताणी निजवी. एका हाताने दोन्ही गुडघे दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने पट्टा फिरवायचा. पोरगी किंचाळायची. पहिले काही दिवस फार रडली, मग रडायची थांबली.

“बघ,” सालोमत म्हणाली. “सवय झाली. आता कशी शांत निजते.”

“आई, डॉक्टर नको म्हणाल्यात ना?” ओयदिन हळूच म्हणाली. “वहिनीला काय सांगायचं?”

“ज्या पायांनी तुला नवरा मिळाला नाही, त्या पायांनी मला अक्कल शिकवायला येतेस? माझी नात तुझ्यासारखी होऊ नये म्हणून तर करतेय. आणि तोंड उघडलंस तर याद राख. भावाच्या घरात खातेस, भावाचा संसार मोडायला निघालीस म्हणेन.”

ओयदिन गप्प बसली. भावाच्या घरात खाणाऱ्या बहिणीला गप्प बसावंच लागतं. पण ती गप्प बसली हेही खरंच आहे.

संध्याकाळी मोहिराची पावलं वाजायच्या आत डॉक्टरचे पट्टे पुन्हा जागच्या जागी असायचे. मोहिरा पोरीला कडेवर घेऊन पट्टे चाचपायची आणि म्हणायची, “शहाणी गं माझी बाय. काढू दिले नाहीस ना कुणाला?”

पुढच्या तपासणीला डॉक्टरच्या कपाळावर आठ्या पडल्या. सांधा हलला नव्हता. “मधे पट्टे काढता का?” मोहिराने पोरीच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं. तिचं काय चुकलं? तिला जे माहीत होतं तेच तिने सांगितलं. त्यानंतर कारखान्यात मोठं काम निघालं, मुकादम सुट्टी देईना, आणि एक तपासणी चुकली. सालोमतने त्याबद्दल सुनेला एक शब्द विचारला नाही. एरवी सून मिठाचा डबा उघडा विसरली तरी ती सबंध दिवस बोलायची.

शेवटी, झेबोला सातवा महिना लागला तेव्हा, गेले ते सगळेच गेले. इल्होम गाडी चालवायला, ओयदिन पोर धरायला, आणि सालोमत त्या डॉक्टरणीला चार शब्द सुनवायला. “मला बघायचंय कोण ती. माझ्या नातीला बेडूक करून ठेवलंय.”

डॉक्टर इरोदा साठीला टेकलेली, जाड चष्म्याची, आमच्याच रिश्तानच्या एका कुंभाराची लेक. जिभेला तिच्याही हाड नव्हतं. तिने झेबोला टेबलावर निजवलं, पट्टे सोडले आणि पोटऱ्यांवरून बोट फिरवलं. दोन्ही पोटऱ्यांवर आडवे वळ होते.

“हे वळ माझ्या पट्ट्यांचे नाहीत,” ती म्हणाली. “कोण बांधतं हिला?”

मोहिराने गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं. ओयदिन भिंतीकडे बघत होती.

“मी बांधते,” सालोमत ताठ मानेने म्हणाली. “मी. अख्ख्या आळीची पोरं मी बांधली आहेत.”

मोहिराचा चेहरा पांढराफटक पडला. ती सासूकडे बघत राहिली.

“आपा,” डॉक्टर म्हणाली, “तुम्ही कुंभारआळीतल्या. ओली माती आणि भाजलेली माती यातला फरक मी तुम्हाला सांगायला नको. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. तान्ह्या पोराची ती वाटी ओल्या मातीची असते. गोळा आत राहिला तर वाटी त्याच्याभोवती खोल होते. बाहेर राहिला तर वाटी पसरट राहून तशीच वाळते. पाय दुमडून फाकवले की गोळा आत बसतो, सरळ जुळवून आवळले की बाहेर निसटतो. मी आत बसवत होते, आणि तुम्ही रोज बाहेर काढत होतात.”

“आम्ही सगळे पाळण्यातच वाढलो. सगळे लंगडतात का?”

“नाही. सगळ्यांचा सांधा मुळात सैल नसतो. दहा माणसं खड्ड्याच्या काठाने गेली आणि एकच पडलं, म्हणून खड्डा नव्हता असं होत नाही. मीही पाळण्यातच वाढले, आपा. पाळणा जाळा असं मी कुठे म्हणते? निजवा, झोके द्या, गाणी म्हणा. फक्त कमरेखाली पोर मोकळं सोडा. नळी बसत नसेल तर लंगोट धुवा. लंगोट धुऊन कुणी मरत नाही.”

सालोमतचं तोंड आता चांगलंच सुटलं. “तुम्हाला काय माहीत? ही बघा, ही माझी लेक. हिला मी सैल बांधलं. तरणी होते, कळत नव्हतं, हात हलका होता. सैल बांधलं म्हणून ही अशी झाली. जन्माची घरात बसली. म्हणून मी झेबोला...”

“हिला चालू दे जरा,” डॉक्टर म्हणाली.

ओयदिनने झेबोला टेबलावरून उचलून भावाकडे दिलं आणि ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. आजवर ती चालली की लोकांनी तोंडं फिरवली होती, नाहीतर हसू दाबलं होतं. डॉक्टर मात्र टक लावून बघत होती.

“सैल बांधलं म्हणून, असं तुम्हाला सांगितलं कुणी?”

“माझ्या सासूने.”

“पट्ट्याखाली बोट जायचं?”

सालोमतने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “नाही. सासू जाऊ देत नसे. ती वरून तपासायची.”

“मग आणखी किती घट्ट बांधायचं होतं, आपा?” डॉक्टरचा आवाज खाली आला. “सगळाच दोष पाळण्याच्या पट्ट्यांचा असं मी म्हणणार नाही. हिचे सांधे जन्माचे सैल असतील. पण मोकळे राहिले असते तर बहुतेक बसलेही असते. घट्ट बांधलंत म्हणून ही अशी चालते. तुम्ही औषध समजून जे देत होतात ते विष होतं.”

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.

मग ओयदिन बोलली. सबंध आयुष्यात आईपुढे ती एवढं स्पष्ट कधी बोलली नसेल.

“आई, आणखी जरा घट्ट बांधायला हवं होतंस. चालताच आलं नसतं. मग चहा आणायला उठावं लागलं नसतं, आणि रोटीही मोडली असती.”



“माझ्या पट्ट्यांचे दिवस संपले,” डॉक्टर मोहिराला सांगत होती. “माती वाळायला लागलीय. आता भूल देऊन बाहेरून हाताने सांधा बसवून बघू आणि प्लास्टर घालू. बसला तर ठीक. नाही बसला तर कापून उघडावं लागेल.”

“पण तुम्ही म्हणाला होतात, कापाकापी नको,” मोहिरा म्हणाली. तिला बहुधा ऐकूच आलं नव्हतं. “तुम्ही म्हणाला होतात, वेळेत लक्षात आलं.”

“वेळेत आलं होतं, बाळा.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी सालोमत इस्पितळाच्या बाकावर सकाळपासून बसून होती. माळ हातात होती, पण मणी सरकत नव्हते. इल्होम येरझारा घालत होता. मोहिरा सासूपासून सगळ्यात लांबच्या बाकावर बसली होती. इरोदा बाहेर आली ती मान हलवतच. हाताने सांधा बसेना, कापावं लागलं. काम नीट झालंय. पण पोरगी मोठी होईपर्यंत दर वर्षी बघावं लागेल. कदाचित पुन्हा एकदा कापावंही लागेल, आणि चाल अगदी सरळ येईल असं आज वचन देता येत नाही.

झेबोला बाहेर आणलं तेव्हा ती छातीपासून घोट्यांपर्यंत प्लास्टरमध्ये होती. पाय फाकवलेले, मधे दांडकं. भुलीतून अर्धवट जागी होऊन ती रडत होती, आणि रडतानासुद्धा तिला अंग हलवता येत नव्हतं. सालोमत उठून पुढे झाली. तिचे हात आपोआप पोरीकडे गेले.

“हात लावू नका,” मोहिरा म्हणाली.

ती ओरडली नाही. सालोमतने हात मागे घेतले आणि शालीखाली लपवले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसाचा ताठा एका दिवसात मोडत नाही. आळीतल्या बायका चौकशीला आल्या तेव्हा सालोमतने खरं सांगितलं नाही. “अल्लाची मर्जी,” एवढंच ती म्हणाली. आळीला तेवढं पुरे झालं. मग मोहिराच्या माहेराला नावं ठेवणं सुरू झालं. खोट आईकडूनच आली असणार. मोहिराची आजीही म्हणे वाकडी चालायची. अशा बाईला पुढचं मूलही तसलंच होणार, इल्होमने विचार करायला हवा. मोहिरा पाणी भरायला गेली की बोलणं थांबायचं. एका बाईने तर आपलं पोर तिच्या सावलीतून ओढून घेतलं. मोहिरा सगळं ऐकत होती आणि घरी येऊन प्लास्टरमधल्या पोरीला पुसत होती, भरवत होती. सासूबद्दल बाहेर तिने एक अक्षर काढलं नाही. आणि सालोमत ते सगळं होऊ देत होती. डॉक्टरकडे जायच्या आधी तिने जे केलं ते अडाणीपणाने केलं. हे मात्र तिने जाणूनबुजून केलं, आणि माझ्या मते तिचा खरा गुन्हा हाच.

अशातच शेजारच्या हनीफाला नात झाली. चाळीस दिवस उलटले, नवा लाल पाळणा आला आणि हनीफा स्वतः बोलवायला आली. “तुमच्याशिवाय कोण बांधणार? तुमच्या सुनेला मात्र आणू नका हं आपा, शुभकार्य आहे.”

सालोमत गेली. ओसरी बायकांनी भरली होती. पुलावाचा वास सुटला होता. पोरीवरून धुरी फिरवून झाली. बाळाची आई लहानशी पोर होती, अजून सासरी बुजलेली. तिने बाळ सालोमतच्या हातात दिलं.

आमच्याकडे रीत अशी की, पाळण्यात घालणारी म्हातारी आधी मुद्दाम बाळाला उलटं निजवते, डोकं पायाशी, आणि विचारते, “असं निजवू का?” बायका हसत ओरडतात, “नाही, नाही!” मग ती आडवं धरते. पुन्हा “नाही, नाही!” मग सरळ निजवते आणि सगळ्या म्हणतात, “हो, असंच!” तेवढाच खेळ असतो.

सालोमतने बाळ उलटं धरलं. “असं निजवू का?”

“नाही, नाही!”

आडवं धरलं. “असं?”

“नाही, नाही!”

सरळ निजवलं. “असं?”

“हो, असंच!”

हशा झाला, कुणी खडीसाखर उधळली. सालोमतने पट्टा हातात घेतला. दुसऱ्या हाताने तिने बाळाचे गुडघे दाबले. ते हाताखालून पुन्हा वर आले, कोणत्याही बाळाचे येतात तसे. तिने पुन्हा दाबले. मागे एक बाई दुसरीच्या कानात कुजबुजत होती, पण सालोमतला सगळं ऐकू येत होतं. “इल्होमला म्हणे दुसरी बघतायत. या लंगड्या वाणाला कोण ठेवून घेणार?”

सालोमतने वर पाहिलं आणि त्याच खेळाच्या सुरात मोठ्याने विचारलं, “असं बांधू का?”

बायकांना वाटलं, आपाने खेळात काहीतरी नवीन घातलं. त्या हसत म्हणाल्या, “हो, असंच! घट्ट!”

“असंच मी ओयदिनला बांधलं,” सालोमत म्हणाली. “असंच झेबोला बांधलं. सांगा, बांधू?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“खोट मोहिराची नाही. माझी आहे. डॉक्टरने पोरीला पट्टे दिले होते, पोर न कापता बरी होणार होती. सून कामाला गेली की मी ते काढत होते आणि या बाळाला बांधते तशी पोरीला बांधत होते. माझ्या नातीचं अंग माझ्यामुळे फाडलं. तीस वर्षं मी पोटच्या पोरीला बदक म्हणून हाक मारली, आणि बदक तिला मीच केलं होतं. या हातांनी. हेच हात तुम्ही घरोघरी बोलावता. ज्यांना हसायचं असेल त्यांनी मला हसा.”

“आपा, शुभकार्यात हे काय अभद्र!” हनीफा भडकली. “आमच्या दारात रडायला आलात? तुमच्या घरची पीडा तुमच्या घरी ठेवा.” तिने सालोमतच्या हातातून पट्टा हिसकावला आणि पुढच्या म्हातारीला दिला. “तुम्ही बांधा, खाला.”

सालोमतसाठी आणलेलं कापड तिथेच राहिलं. कुणी तिला जेवायला थांब म्हटलं नाही. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत गेली. मागे ती दुसरी म्हातारी पट्टा सारखा करत होती. तेवढ्यात त्या बुजऱ्या आईने पुढे होऊन बाळ पाळण्यातून उचललं आणि कडेवर घेतलं. दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना सोडून.

“दे इकडे,” हनीफा म्हणाली.

“नको, आई,” ती म्हणाली. “आधी डॉक्टरला दाखवते. दाखवेपर्यंत पाय बांधायचे नाहीत.”

पुढे त्या घरात काय रामायण झालं ते आळीने ऐकलं. पण ते बाळ काही बांधलं गेलं नाही.

सालोमत घरी आली. ओयदिन तंदूरमधून रोट्या काढत होती. सालोमत तिच्याजवळ जमिनीवरच बसली. “सांगून आले,” ती म्हणाली. “सगळ्यांना. मोहिराचा दोष नाही म्हणून. तुझंही सांगितलं.”

ओयदिनने रोटी फडक्यात गुंडाळली. “माझ्या वेळी तुला माहीत नव्हतं, आई. त्याचा मला राग नाही. पण बदक म्हणत होतीस तेव्हा दुखतं हे तुला माहीत होतं. आणि झेबोच्या वेळी डॉक्टरने सांगितलेलं होतं.” तिने दुसरी रोटी काढली. “मलाही माहीत होतं. मी वहिनीला सांगितलं नाही. तुझ्या भीतीने मी त्या पोरीला बांधू दिलं. तू आळीत जाऊन सांगितलंस. मला आता वहिनीला सांगायचंय.”

ती रोट्या उचलून आत गेली, दर पावलाला एका बाजूला झुकत. सालोमत बघत राहिली. आजवर ती मुलीची चाल बघताना डोळे चोरायची, आज तिने चोरले नाहीत. आत मोहिरा झेबोला भरवत होती. ओयदिन तिच्यापाशी बसली आणि बोलू लागली. मोहिराने ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि मग हातातला चमचा खाली ठेवून ती रडली. तिने कुणालाच माफ केलं नाही, ना नणंदेला, ना सासूला. आजही केलेलं नाही. झेबो आता चालते. डावा पाय जरा आखूड पडतो, आणि तिला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जायचं आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे आमचा पाळणा नसेल, दुपटं असेल. आवळून गुंडाळलं की पोर गाढ झोपतं आणि पाय सरळ होतात, असं तुमच्याही घरातली कुणी म्हातारी सांगत असेल. तिला दुखवू नका, पण तिचं ऐकूही नका. तान्ह्या पोराचे पाय दुमडलेले आणि मोकळे हवेत, कडेवर घेतल्यावर असतात तसे. एक पाय कमी उघडला तर नशीब, नजर, घराणं असलं काही बोलू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. पट्ट्याने बरं होणारं पोर हट्टापायी सुरीखाली पाठवू नका. आणि कुणी वाकडं चालत असेल, तर हसण्याआधी विचारा, तिला असं चालायला लावणारे हात कुणाचे होते. बहुतेक वेळा ते घरातलेच निघतात.